साक्यावरचा लेख बागायतदाराला मिळावा म्हणून: लहान महाविद्यालयात रिपॉझिटरी कशी उभी करावी

देवगड तालुक्यातले एक बागायतदार एप्रिलात आमच्या ग्रंथालयात आले. हापूसच्या काढणीचे दिवस, घरी जेवायला फुरसत नसते, तरी आले. मोबाइलवर त्यांना साक्यावरचा एक शोधनिबंध सापडला होता. फळ बाहेरून लख्ख पिवळं आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा. हापूसवाल्याला साका समजावून सांगावा लागत नाही. निबंधाचा गोषवारा वाचता येत होता, पूर्ण मजकुरासाठी साधारण चाळीस डॉलर मागितले जात होते. "यातले एक लेखक तुमच्याच कॉलेजचे दिसतात," ते म्हणाले. होतेच. दोन खोल्या पलीकडे प्रॅक्टिकल घेत होते.

सर लगेच आले, त्यांच्याकडची पीडीएफ बागायतदारांना दाखवली, तासभर बोलले. पण ती पीडीएफ प्रकाशकाने मांडणी करून छापलेली होती. एकाला वाचायला देणं वेगळं, ती वेबसाइटवर ठेवायची परवानगी नव्हती. जी प्रत कायदेशीरपणे सगळ्यांसाठी ठेवता आली असती, ती सरांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये अडकली होती. पुढच्या वर्षी दुसरा बागायतदार आला तर त्यालाही चाळीस डॉलरच दिसणार.

हा लेख अशा महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांसाठी आणि तरुण प्राध्यापकांसाठी आहे, जिथे संशोधन होतं पण ते ठेवायला स्वतःची जागा नाही.

आधी थोडी ओळख

संस्थात्मक रिपॉझिटरी म्हणजे संस्थेतल्या लोकांनी लिहिलेलं संशोधन पूर्ण मजकुरासह, कायमच्या पत्त्यावर, सगळ्यांना फुकट वाचता येईल असं ठेवण्याची व्यवस्था. लेख आपल्या आवडीच्या नियतकालिकात छापायचाच. त्याची एक प्रत इथे ठेवायची. याला हरित मार्ग म्हणतात. दुसरा सुवर्णमार्ग, म्हणजे नियतकालिकच खुलं असतं, पण तिथे बऱ्याचदा लेखकाकडून हजार-दोन हजार डॉलर घेतले जातात. आपल्या खिशाला ते झेपत नाही. फेब्रुवारी २००२मध्ये, संशोधन सगळ्यांना खुलं असावं असं म्हणणाऱ्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात हे दोन्ही मार्ग एकत्र मांडले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने एचपी या संगणक कंपनीबरोबर तयार केलेलं डीस्पेस हे मोफत सॉफ्टवेअर बाहेर आलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्स त्याच्या थोडं आधीचं. आजही बऱ्याच रिपॉझिटरी या दोनांवर चालतात.

आपल्या किनाऱ्यावर हे नवं नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी बरीच वर्षं सुरू आहे. आपल्या खाड्या, वाळू, मासळी यांवरचे कितीतरी लेख तिथे उघडून वाचता येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले प्रबंध भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कृषिकोशात सापडतात. पीएचडीचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राच्या, शोधगंगेत जातात. २००९च्या यूजीसी नियमावलीपासून ते बंधनकारक झालं.

मग महाविद्यालयाने वेगळं काय ठेवायचं? यांपैकी कुठेच न जाणारं. प्राध्यापकांचे शोधनिबंध, लघुसंशोधन प्रकल्पांचे अहवाल, एमएस्सीचे प्रकल्प, चर्चासत्रांची पुस्तिका, मराठी त्रैमासिकात आलेला देवराईवरचा लेख, एखाद्या खाडीतल्या पाण्याच्या खारटपणाच्या पंधरा वर्षांच्या नोंदी. यातलं बरंचसं आज जगात एकाच कपाटात आहे आणि पावसाळ्यात त्या कपाटाला बुरशी येते.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्यावर याची गरज काय, असं मला अनेकदा विचारतात. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यामुळे जगातलं संशोधन वाचता येतं. चांगलंच आहे. पण आपण लिहिलेलं त्यामुळे खुलं होत नाही, आणि देवगडचा बागायतदार त्या योजनेत येत नाही.

पहिली पायरी: यादी, सॉफ्टवेअर नव्हे

सुरुवात सर्व्हरपासून करणारी महाविद्यालयं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांनी तिथे 'स्वागत आहे' एवढंच पान असतं. तुम्ही यादीपासून सुरू करा. गेल्या पाच वर्षांत कोणी काय छापलं, कुठे, कोणत्या साली. ही यादी नव्याने करावी लागत नाही. नॅकच्या मूल्यांकनातल्या तिसऱ्या, म्हणजे संशोधनाच्या, निकषासाठी आयक्यूएसीने (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाने) ती केलेलीच असते. ती एक्सेल फाइल मागून घ्या, शेवटी तीन रकाने जोडा: कोणती प्रत मिळाली, परवानगी आहे का, कुठे ठेवली.

त्याच सुमारास प्राचार्यांकडून एका पानाचं धोरण महाविद्यालय विकास समितीत मंजूर करून घ्या. कोण काय जमा करेल, कोण तपासेल, तक्रार आली तर प्रत कोण काढेल, इतकंच. मोठं लिहू नका, वाचलं जात नाही.

दुसरी पायरी: कोणती प्रत

सगळं काम इथे अडतं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

एका शोधनिबंधाच्या तीन प्रती असतात. लेखकाने नियतकालिकाकडे पहिल्यांदा पाठवलेली, म्हणजे प्रीप्रिंट. परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेली आणि संपादकांनी स्वीकारलेली, पण अजून वर्डमध्येच असलेली, ती स्वीकृत प्रत. आणि प्रकाशकाने दोन रकान्यांत मांडून, वर आपलं बोधचिन्ह लावून प्रसिद्ध केलेली, ती प्रकाशित प्रत. मजकूर पाहिला तर दुसरी आणि तिसरी जवळजवळ सारखी असते. हक्कांच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बहुतेक मोठे प्रकाशक तिसरी प्रत रिपॉझिटरीत ठेवू देत नाहीत, दुसरी ठेवू देतात.

अडचण अशी की प्राध्यापकांना तिसरीच जपून ठेवायची सवय असते. छापलेलं दिसतं ते खरं, बाकी कच्चं, अशी समजूत. दुसरी प्रत ईमेलच्या एखाद्या जोडपत्रात पडून राहते, वर्षभराने कोणती फाइल शेवटची हे लेखकालाही ओळखता येत नाही. सहलेखक कोल्हापूरला असतो, शेवटचे बदल त्यानेच केलेले असतात.

म्हणून नियम एकच ठेवा: लेख स्वीकारल्याची मेल आली त्याच दिवशी स्वीकृत प्रत ग्रंथालयात. छापून येण्याची वाट पाहायची नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या दोन विभागांच्या २०१४च्या खुल्या प्रवेश धोरणातही स्वीकृतीनंतर दोन आठवड्यांच्या आत प्रत जमा करायला सांगितलं आहे. त्यांचं अनुदान असेल तर हे तुमचं कर्तव्यच आहे.

जुन्या लेखांची स्वीकृत प्रत शोधायची युक्ती: बऱ्याच नियतकालिकांचं लेख पाठवायचं संकेतस्थळ सुधारित हस्तलिखित जपून ठेवतं. लेखकाने जुन्या खात्यात शिरून पाहावं. आमच्या सरांचा साक्यावरचा लेख अखेर तिथेच मिळाला. पासवर्ड विसरला होता, तो नव्याने मागवला, एवढंच.

तिसरी पायरी: हक्क

इंग्रजी नियतकालिकांसाठी शेर्पा रोमिओ नावाची मोफत यादी होती; आता तिचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर आहे. नियतकालिकाचं नाव टाका, कोणती प्रत, किती महिन्यांनी, कोणत्या अटीवर, हे लिहिलेलं मिळतं. थांबायच्या मुदतीला एम्बार्गो म्हणतात. अनेक ठिकाणी ती १२ महिने, काही ठिकाणी २४. प्रत आजच घ्यायची, नोंद आजच करायची, फाइल मात्र मुदत संपेपर्यंत बंद ठेवायची. तारीख घातली की सॉफ्टवेअर ती आपोआप उघडतं.

मराठी नियतकालिकं या यादीत सहसा नसतात. तिथे कायदा लेखकाच्या बाजूने आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. स्वामित्व हक्क कायदा, १९५७, कलम १९: हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांची धरली जाते. तुम्ही कुठल्याही कागदावर सही केलेली नसेल, तर साधारणपणे हक्क तुमचाच राहतो. तरीही संपादकांना पत्र लिहा. आपल्याकडची त्रैमासिकं माणसं पदरमोड करून चालवतात. विचारलं की ती आनंदाने हो म्हणतात, आणि मूळ अंकाचा उल्लेख करा एवढंच सांगतात. तो उल्लेख न चुकता करा.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी संमतिपत्र प्रकल्पासोबतच बांधून घ्या. पोरं पास होऊन मुंबईला गेली की सही मिळत नाही.

चौथी पायरी: ठेवायचं कुठे

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी सर्व्हर घेऊ नका. डीस्पेस उत्तम आहे, पण सातव्या आवृत्तीपासून त्याला बरीच मेमरी लागते आणि अद्ययावत ठेवायला माहितगार माणूस लागतो. आपल्याकडे कंत्राटी तंत्रज्ञ जूनमध्ये येतो, मार्चमध्ये जातो.

युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने २०१३मध्ये झेनोडो सुरू केलं. ते मोफत आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या नावाने तिथे 'कम्युनिटी' उघडा आणि एकेक लेख चढवा. प्रत्येक नोंदीला डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो, एम्बार्गोची सोय आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात. शंभर-दोनशे नोंदी झाल्या, हात बसला, की मग डीस्पेसचा विचार करा. विद्यापीठाची रिपॉझिटरी चालू असेल तर तिच्यात आपला विभाग मागणं हा त्याहून सोपा रस्ता.

डीस्पेस घेतलंच, तर पहिल्या दिवशी एक गोष्ट करा. प्रत्येक नोंदीचा कायमचा पत्ता हँडल नावाच्या पद्धतीने बनतो आणि त्यासाठी संस्थेला स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो. नोंदवला नाही तर सॉफ्टवेअर नमुन्याचा क्रमांक वापरतं: १२३४५६७८९. असे पत्ते अनेक रिपॉझिटरींत दिसतात. सर्व्हर बदलला की ते मरतात, आणि ज्यांनी ते संदर्भसूचीत छापले त्यांच्या हाती काही राहत नाही.

पाचवी पायरी: नोंद

शीर्षक, लेखक, साल, नियतकालिक हे कोणीही भरेल. नोंदीचा कस लागतो विषयशब्दांत. मासळीवरचा लेख घ्या. इंग्रजी शीर्षकात शास्त्रीय नाव असतं. मुंबई बाजूचा माणूस पापलेट शोधेल, मालवणचा सरंगा. सुरमई शोधणारा वेगळा, इसवण शोधणारा वेगळा. विषयशब्दांच्या रकान्यात हे सगळं घाला: शास्त्रीय नाव, मराठी नाव, तालुक्यात बोलतात ते नाव, खाडीचं आणि बंदराचं नाव. चार ओळींचा मराठी गोषवारा लेखकाकडून लिहून घ्या, इंग्रजी लेखालाही. त्या चार ओळींमुळे लेख गावात पोचतो. लेखक कुरकुरतात, पण एकदा लिहिला की स्वतःच इतरांना पाठवतात.

प्रत्येक प्राध्यापकाला ऑर्किड क्रमांक काढून द्या. सोळा अंकी, मोफत, पाच मिनिटांचं काम. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडमचे आधीचे आणि नंतरचे लेख त्यामुळे एकाच व्यक्तीच्या नावावर येतात.

सहावी पायरी: मराठी मजकुराची परीक्षा

हे इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत सापडणार नाही, म्हणून नीट वाचा.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मराठी प्रकल्प उघडा. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसेल. आता त्यातला 'दशावतार' हा शब्द कॉपी करा आणि कोऱ्या फाइलीत चिकटवा. डॉलरची खूण, कंस, अधोरेखा आणि दोन-तीन रोमन अक्षरं उमटली, तर तो मजकूर युनिकोडात नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. डोळ्याला मराठी, यंत्राला निरर्थक चुरा. गुगलवर 'दशावतार' शोधणाऱ्याला हा प्रकल्प कधीच दिसणार नाही. युनिकोडात देवनागरीला स्वतःचे १२८ खण आहेत, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

मूळ वर्ड फाइल असेल तर फाँट बदलणारं साधन वापरून मजकूर युनिकोडात आणा. फक्त पीडीएफ किंवा कागद असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करून टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्याला मराठी वाचता येतं. रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतील. सगळं तपासायला वेळ नसेल तर किमान शीर्षक, गोषवारा आणि विषयशब्द हाताने युनिकोडात टाइप करा. तेवढ्यावरही लेख सापडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. 'तिसऱ्या' (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर खाली टिंब असलेला र वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही जवळपास एकच, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असू शकतात. आमच्याकडे तिसऱ्यांवरचा एक प्रकल्प महिनाभर सापडत नव्हता, तो यामुळेच. कोणतीही एक पद्धत ठरवा, सगळ्यांना तीच शिकवा, आणि दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेला शब्द विषयशब्दांत ठेवा.

सातवी पायरी: काय ठेवू नये

मुलाखतीतल्या लोकांची नावं आणि फोन नंबर, संमतीशिवाय केलेलं कलावंताचं रेकॉर्डिंग, दुर्मीळ वनस्पतीचं किंवा घरट्याचं नेमकं ठिकाण. सड्यावरच्या असुरक्षित कातळशिल्पांचे जीपीएस आकडेही संबंधित खात्याला विचारल्याशिवाय उघडे करू नका. अहवाल खुला, परिशिष्ट बंद, असं करता येतं.

आठवी पायरी: पाणी आणि वीज

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. दीडशे वर्षांहून जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं त्यात गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. आपल्याकडे सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये, आणि एकाच इमारतीत दोन प्रती म्हणजे दोन प्रती नव्हेत. एक प्रत महाविद्यालयात, एक बाहेरच्या ड्राइव्हवर वरच्या मजल्यावर, एक घाटावरच्या एखाद्या संस्थेत किंवा क्लाउडवर. दर तिमाहीला एखादी जुनी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. खाऱ्या हवेत हार्ड डिस्क गुपचूप जाते.

नववी पायरी: सापडतंय का?

गुगल स्कॉलर पाच एमबीपेक्षा मोठी पीडीएफ सहसा घेत नाही, म्हणून स्कॅन केलेल्या फाइली आटोपशीर करा. डीस्पेसमध्ये ओएआय-पीएमएच ही सोय चालू ठेवा. संशोधन शोधून देणारी काही शोधयंत्रं तिच्यातून नोंदी उचलतात. मग महिन्याभराने मोबाइलवर, कॉलेजचं वायफाय बंद करून, साधे मराठी शब्द टाकून पाहा. 'हापूस साका' टाकल्यावर आपला लेख येतो का? आला, आणि दाबल्यावर पैसे न मागता उघडला, तर काम झालं.

प्राध्यापकांचे दोन प्रश्न हमखास येतात. लेख चोरीला जाईल का? उलट तुमच्या नावाची आणि तारखेची जाहीर नोंद राहते. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचीच प्रत जुळेल का? जुळेल, तपासणाऱ्याने तो स्रोत वगळायचा असतो, त्यासाठी रिपॉझिटरीतला दुवा सोबत द्या.

दर शनिवारी दोन तास या कामाला ठेवा, जास्त नको. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मजकूर टाका. आमच्याकडे याच शब्दांत जातो, हवा तर उचला:

"सर, मॅडम, गेल्या महिन्यात कोणाचा लेख स्वीकारला गेला असेल तर स्वीकृतीची मेल आणि त्याच दिवशीची वर्ड फाइल ग्रंथालयाच्या मेलवर पाठवावी. छापून यायची वाट पाहू नये. सहलेखकांना विचारलं आहे का, ते कळवावं. परवानगी आणि मुदत आम्ही बघतो. मराठीत चार ओळींचा गोषवारा सोबत द्यावा. टाइप करायला वेळ नसेल तर ग्रंथालयात येऊन तोंडी सांगावा, आम्ही लिहून घेऊ."